महेश्वरी साडीचा ब्लाउज घरी शिवताना

साडीसोबत येणारं ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचं असतं. कापताना चुकलं तर त्याच काठाचं, त्याच रंगाचं दुसरं मिळत नाही, आणि या एका भीतीपायी उत्तम शिवणाऱ्या बायकासुद्धा लग्नाचा ब्लाउज बाहेर शिवायला टाकतात. वैशाखाच्या तोंडावर इंदुरातले चांगले मास्टरजी नवीन काम घेत नाहीत, किंवा घेतलं तर ट्रायलला वेळ देत नाहीत. मग हळदीच्या आदल्या दिवशी ब्लाउज हातात येतो आणि हात वर केला की पोटापासून उचलला जातो.

घरी शिवण्याचा खरा फायदा पैशांचा नाही, हवी तितकी ट्रायल घेता येते हा आहे. आणि ट्रायल घ्यायची ती अस्तराची. ब्लाउज अंगावर बसतो तो अस्तरामुळे, वरचं महेश्वरी किंवा चंदेरी कापड त्यावर फक्त पसरलेलं असतं. सगळा ताण अस्तराने घ्यायचा आणि वरच्या कापडावर तो जाऊ द्यायचा नाही, एवढं सांभाळलं की हे कापड अजिबात अवघड नाही. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे. उदाहरणासाठी ३६ इंच छाती, १४ इंच उंची, कोपराच्या वर येणारी १० इंच बाही आणि प्रिन्सेस कट (पुढच्या भागाचे मधले आणि बगलेचे तुकडे लांब उभ्या शिवणीने जोडलेला) धरला आहे. कटोरीपेक्षा (छातीला वेगळी वाटी जोडतात त्या पद्धतीपेक्षा) प्रिन्सेस कट घरी सोपा जातो, कारण छातीचा सगळा उठाव एका लांब शिवणीत असतो आणि ती शिवण उसवून कमी-जास्त करता येते.

कापड हातात घेतल्यावर

अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात महेश्वरला विणकर वसवले, तिथलं कापड इंदूरकरांना परकं नाही. आज मिळणाऱ्या बहुतेक महेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो. विणकर त्याची वीण हलकी ठेवतात, म्हणून ते अंगावर हवेशीर वाटतं, आणि म्हणूनच शिवणीजवळ धागे सरकतात. दोन्ही अंगठे एकमेकांशेजारी ठेवून कापड दोन बाजूंना हलकंच ओढून पाहा. धाग्यांमध्ये फट पडली आणि ती लगेच मिटली नाही, तर त्या कापडाचा घट्ट ब्लाउज पहिल्याच कार्यक्रमात पाठीच्या बाजूने उसवल्यासारखा दिसणार. टीप शाबूत असते, कापडच टिपेपासून सरकलेलं असतं.

चंदेरीत रेशमाच्या ताण्यातला डिंक काढून टाकलेला नसतो. त्यामुळे ती पारदर्शक आणि जरा कडक असते. कडक म्हणजे बाहीच्या गोलाईत ती दबून बसत नाही, आणि पारदर्शक म्हणजे आतली प्रत्येक माया (शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड), प्रत्येक वेडीवाकडी कड बाहेरून दिसते. चंदेरीखाली पांढरं अस्तर कधीच लावू नये, ते वेगळं उठून दिसतं. साडीच्या रंगाचं किंवा त्वचेच्या रंगाचं घ्यावं.

महेश्वरीच्या बुगडी काठाची खासियत अशी की तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. नेसायला हे छान, पण बेतताना घोळ होतो. दिव्याखाली दोन्ही बाजू सारख्या वाटतात आणि दुपारच्या उजेडात एक बाही जरा वेगळ्या झाकेची दिसते. कात्री लावण्याआधी एक बाजू सुलट ठरवा आणि प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला, मायेत, खडूने फुली करा.

अस्तराला टू बाय टू रुबिया (अस्तराचं पातळ सुती कापड) घ्यावं, एक मीटर पुरतं. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये किंवा सीतलामाता बाजारात साडीच घेऊन जा आणि दुकानाबाहेरच्या उजेडात रंग लावून पाहा. पॉलिएस्टरचं गुळगुळीत अस्तर स्वस्त आणि चकचकीत असतं, पण मे महिन्यातल्या मांडवात त्याने जीव नकोसा होतो. शिवाय ते सरकतं, मग ताण पुन्हा वरच्या कापडावर येतो. रुबिया रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री करा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडेल आणि वरचं कापड फुगे धरेल. लाल, मरून, गर्द निळं अस्तर असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर घामाने रंग वर चढतो.

मापं

मापं दुसऱ्याने घ्यावीत, आणि त्या दिवशी घालणार ती ब्रा घालूनच. नेहमीची मापं सगळ्यांना माहीत असतात, म्हणून फक्त सहसा राहून जाणारी सांगते.

काखेतून, छातीच्या उठावाच्या वरून घेतलेलं माप, म्हणजे वरची छाती. पूर्ण छाती आणि वरची छाती यांत २ इंचांपर्यंत फरक असेल तर पूर्ण छातीवरून बेत (कापण्यासाठीचा कागदी नमुना) आखावा. जास्त असेल तर पाठ, खांदा, गळा आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) वरच्या छातीत २ इंच मिळवून आखावेत, आणि उरलेली रुंदी फक्त पुढच्या भागात द्यावी. पूर्ण छाती ३८ आणि वरची ३५ असेल तर ३७ चा बेत आखायचा आणि उरलेला एक इंच पुढच्या दोन प्रिन्सेस शिवणींत वाटायचा. दोन शिवणींच्या मिळून चार कडा होतात, प्रत्येक कडेला पाव इंच वाढवा. सरळ ३८ चा बेत आखला की छाती बसते, पण खांदे उतरतात आणि मुंढा ढगळ होतो. तयार ब्लाउजची हीच तक्रार असते.

दुसरं, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची आणि दोन टोकांमधलं अंतर. ३६ छातीला ही मापं साधारण ९½ ते १० आणि ७½ इंच येतात, पण वयाप्रमाणे आणि ब्राप्रमाणे एक इंचाचा फरक सहज पडतो. तिसरं, दंडाचा घेर कोपर वाकवून घ्यायचा, हात सरळ सोडून घेतलेल्या मापाची बाही जेवताना दंडात रुतते.

सैलपणा किती ठेवायचा? अस्तर धरून एकूण एक ते दीड इंच पुरे. त्याहून कमी ठेवून "फिटिंग" साधायला गेलात तर महेश्वरी सरकेल.

मांजरपाटाची ट्रायल

कागदावर बेत आखून झाला की आधी मांजरपाटावर किंवा जुन्या सुती चादरीवर कापा. बाह्यांसकट. लांब टाक्याची कच्ची टीप मारा, पुढे हुकांच्या जागी टाचण्या लावा आणि आरशासमोर उभ्या राहा. मग बसा, हात वर करा, खाली वाकून काही उचला. कापडावर पडणारी प्रत्येक घडी एखाद्या जागेकडे बोट दाखवते, ते ओळखता आलं की अर्धं शिवणकाम आलं.

छातीवर आडव्या ताणलेल्या रेघा आणि हुकांच्या मधे फट: छातीत कापड कमी आहे. बगलेची शिवण सैल करून हे जात नाही. प्रिन्सेस शिवण छातीच्या टोकापाशी उसवा, किती उघडते ते मोजा, आणि तेवढं चार कडांत वाटा.

मुंढ्याची पुढची कड अंगापासून सुटते: हीसुद्धा छातीच्या उठावाचीच गोष्ट. सुटलेलं कापड चिमटीत धरून टाचणी लावा आणि कागदावर तेवढी पाचर मुंढ्यापाशी मिटवून प्रिन्सेस शिवणीत टाका.

खांद्याच्या टोकापासून काखेकडे तिरप्या, सैल घड्या: खांदे उतरते आहेत. खांद्याची शिवण बाहेरच्या टोकाला पाव इंच खाली घ्या, आणि मुंढाही तळाशी पाव इंच खाली न्या. दुसरी दुरुस्ती विसरली की मुंढा घट्ट होतो.

हात वर केला की पूर्ण ब्लाउज वर जातो: इथे बहुतेक जणी मुंढा अजून कोरतात आणि त्रास वाढवतात. मुंढा आधीच जास्त खोल असतो, त्यामुळे बाही बगलेची बाजू ओढून नेते. मुंढ्याचा तळ काखेखाली पाऊण ते एक इंचावर असावा. मांजरपाटावर मुंढ्याच्या तळाशी तुकडा जोडून तो वर आणा आणि पुन्हा हात उचलून पाहा, फरक तिथल्या तिथे कळतो. वर आलेल्या मुंढ्याची लांबी बदलते, म्हणून बाहीचा बेत पुन्हा मोजायला हवा.

पाठीच्या खोल गळ्याची कड उघडी पडते: गळ्याच्या कडेपासून पाठीच्या टकाच्या (कंबरेला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुणीच्या) टोकापर्यंत पाचर मिटवा, बहुधा पाव ते अर्धा इंच. आणि एक गोष्ट ठरवूनच टाका, पाठीचा गळा ७ इंचांपेक्षा खोल हवा असेल तर पुढचा गळा रुंद ठेवायचा नाही. दोन्ही हवे असतील तर मानेजवळ दोरी लागेलच, आणि ती नुसती लटकनाची हौस म्हणून न लावता खरोखर ताण घेईल अशी, खांद्याच्या शिवणीजवळ दुहेरी टीप मारून लावावी लागेल.

दुरुस्त्या झाल्या की मांजरपाट उसवून त्यावरूनच नवा कागद करा. मोठी दुरुस्ती निघाली असेल तर दुसरी ट्रायल घ्या. याला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. पुढचं काम भराभर होतं.

कापणं

ब्लाउजपीस दुमडून कापू नका. घडीवर कापलं की वरचा थर सरकतो आणि बुट्ट्या किंवा पट्टे दोन्ही बाजूंना सारखे येत नाहीत. पाठीचा कागद पूर्ण रुंदीचा करा आणि सगळे भाग एकेरी थरावर ठेवा. एक बाजू कापली की कागद उलटून दुसरी.

८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच लांबी, आणि रुंदी ४५ इंचांच्या आसपास. आधी बाह्या बसवा. बाहीची खालची कड काठाच्या किनारीवर, दोन्ही बाह्या एकाच काठावर शेजारी शेजारी: १४ इंचांच्या दोन म्हणजे २८ इंच लांबी लागते. अशी बाही आडव्या धाग्यावर येते, त्याने काही बिघडत नाही. १० इंच बाही आणि वरची माया धरून रुंदीतले ११ इंच गेले. उरलेल्या ३४ इंचांतला समोरचा काठ सोडला तर साधारण ३१ इंच मिळतात. तिथे उभ्या धाग्यावर एका ओळीत पाठ (सुमारे २२ इंच) आणि एक बगलेचा तुकडा, दुसऱ्या ओळीत मधले दोन तुकडे आणि दुसरा बगलेचा. दोन ओळी मिळून ३१ इंच होतात, म्हणजे १४ इंच उंचीला पीस जेमतेम पुरतं. त्याहून उंच ब्लाउज हवा असेल तर पाठीला खाली समोरच्या काठाची पट्टी जोडा, ती जोड न वाटता मुद्दाम केलेली वाटते. दुसऱ्या ओळीत उरलेल्या जागेतून हुकपट्ट्या आणि पायपिंगच्या उरेब (धाग्यांना तिरप्या कापलेल्या) पट्ट्या निघतात.

वरचं कापड पहिल्यांदा अगदी रेघेवर कापू नये. प्रत्येक तुकडा शक्य तिथे पाव-अर्धा इंच मोठा, ढोबळ कापा. अस्तर मात्र नेमक्या रेघेवर.

माया किती? बगलेला सव्वा इंच, प्रिन्सेस शिवणीला अर्धा, मुंढ्याला अर्धा, गळ्याला पाव. बगलेत पुढेमागे सैल करण्यासाठी दोन-तीन टिपा आधीच मारून ठेवायची पद्धत आहे. सुती ब्लाउजला ठीक, पण रेशमात टीप उसवली की सुईची भोकं तशीच राहतात. एकच टीप मारा.

अस्तर जोडणं

सगळ्या कामातली ही जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जाडसर टॉवेल घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधा. त्यावर अस्तराचा तुकडा, त्याची सुलट बाजू खाली टॉवेलकडे, आणि वर महेश्वरीचा तुकडा, सुलट बाजू वर. असं ठेवलं की अंगाच्या गोलाईवर वरचा थर अस्तरापेक्षा किंचित जास्त कापड मागतो, आणि ते जास्तीचं कापड, कडेला सुमारे एक अष्टमांश इंच, आपोआप मिळतं. तळहाताने मधून बाहेर सारत जा, ओढू नका. मधोमध तिरपे लांब टाके घाला, मग कडेने मायेत धावदोरा. शेवटी वरचं कापड अस्तराच्या कडेबरोबर छाटा.

टेबलावर सपाट ठेवून जोडलं तर दोन्ही थर सारख्या मापाचे होतात, अंगात घातल्यावर वरचा थर ताणला जातो आणि बगलेपाशी धागे सरकायला तिथूनच सुरुवात होते. टॉवेलवर जोडलेल्या तुकड्यात अस्तर आधी ताणलं जातं, महेश्वरी निवांत राहते.

टाचण्या मायेतच लावा. धावदोरा बारीक दोऱ्याचा, सुई ९ नंबरची. दोन्ही थर जोडले की यापुढे ते एकच कापड समजायचं.

मशीन

मशीनला नवी सुई, ९ किंवा ११ नंबर. १४ नंबरने चंदेरीत धागा ओढला जाऊन आडवी रेघ उठते आणि ती कधी जात नाही. टाका २ मिलिमीटर, म्हणजे इंचाला १२-१३. कापणीच्या चिंध्यांवर दोन्ही थर घेऊन टीप मारून पाहा: शिवण आखडत असेल तर आधी वरच्या दोऱ्याचा ताण कमी करा, मग बॉबिन पाहा. जुन्या काळ्या सरळ टाक्याच्या मशीनच्या प्लेटला बारीक गोल भोक असतं, झुळझुळीत कापडाला ती उत्तम. झिगझॅगच्या रुंद खाचेत सुरुवातीला कापड आत ओढलं जातं, तेव्हा खाली पातळ पतंगी कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

क्रम असा: प्रिन्सेस शिवणी, पाठीचे टक, हुकपट्ट्या, खांदे, गळा, मग सपाट असतानाच बाह्या, आणि शेवटी बाहीच्या कडेपासून कंबरेपर्यंत बगलेची एकच लांब टीप. या क्रमाने पुढे कधी सैल करायचं झालं तर फक्त तीच उसवावी लागते.

प्रिन्सेस शिवणीत मधल्या तुकड्याची आतली गोलाई असते, बगलेच्या तुकड्याची बाहेरची. मधल्या तुकड्याच्या मायेला छातीपाशी अर्ध्या-अर्ध्या इंचावर चिरा द्या, टिपेपासून एक अष्टमांश इंच अलीकडे थांबून, आणि तो तुकडा वर ठेवून शिवा. चिरा जास्त खोल गेल्या तर तिथून धागे सुटतील. शिवून झाल्यावर त्याच टॉवेलवर ठेवून, उलट बाजूने, सुती फडकं घालून इस्त्री करा, माया दोन्हीकडे उघडून. पाण्याचा शिंतोडा रेशमावर डाग ठेवतो, म्हणून इस्त्री कोरडी आणि रेशमाच्या तापमानावर. काठावर तर उलट बाजूनेच, आजकालची पुष्कळशी जर प्लास्टिकवर चढवलेली असते आणि तापली की आक्रसते.

गळा, बाही, हुकं

गळा कापल्या कापल्या कडेपासून एक अष्टमांश इंचावर एक टीप फिरवा. उरेब भाग नुसता हातात धरला तरी वाढतो. खोल गळ्याला त्या टिपेवर अस्तराच्या किनारीची पाव इंची पट्टी कापून लावा, किनार ताणत नाही आणि गळा वर्षानुवर्षं तसाच राहतो. पायपिंगची उरेब पट्टी एक इंच रुंद, बरोबर ४५ अंशांत. गोलाईत ती किंचित ताणून लावायची, सरळ भागात सैल.

बाहीची वरची गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी लांब असते. सुती कापडात पाऊण इंच सहज दबतं, चंदेरीत पाव ते अर्धा इंचावर जाऊ नका, नाहीतर खांद्यावर चुण्या दिसतील. मुंढा पुढे जास्त कोरलेला असतो, म्हणून बाहीला पुढची खूण एक चीर आणि मागची दोन चिरा अशी करा. उजवी-डावी बदलली तर बाही दंडाभोवती पिळत जाते. जरीचा काठ दंडाला टोचतो, म्हणून अस्तर अगदी कडेपर्यंत आणून हाताने तुरपाई करा.

पहिलं हूक छातीच्या टोकांच्या रेषेवर लावा. तिथून वर आणि खाली एक ते सव्वा इंचाच्या अंतराने बाकीची. वरपासून मोजत आलात तर छातीची रेष दोन हुकांच्या मधे येते आणि नेमकी तिथेच फट पडते. कप घालायचे असतील तर फक्त अस्तराला टाचा, तेही तुकडे जोडण्याआधी.

उन्हाळ्यातल्या लग्नासाठी काखेत घामाच्या गाद्या लावाच. रुबियाचे दोन थर, अंड्याच्या आकाराचे, ५ इंच लांब आणि ४ रुंद, कडेने शिवून मधे दुमडायचे आणि मुंढ्याच्या मायेला चार-पाच टाक्यांनी अडकवायचे. कार्यक्रम झाला की टाके तोडून गाद्या धुवा. ब्लाउज उलटा करून सावलीत वाऱ्यावर वाळवा आणि हँगरला न टांगता सुती कापडात घडी घालून ठेवा. टांगलेल्या ब्लाउजचे खांदे आणि उरेब गळा काही महिन्यांत उतरतात.